भाकरतुकड्यापासून राशनकार्डापर्यंत



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा कोणी कशावर लिहायचे याची यादी झाली. वंदना, धम्मसंस्कार, शिक्षण, व्यसनमुक्ती हे विषय लगेच वाटले गेले. आम्ही म्हणालो, आम्ही राशनवर लिहितो. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "अहो, राशनचं इथं कामून काढता? ते तहसीलचं काम हाय. विहारात बुद्धाचं बोलावं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. पण त्याच बैठकीत मागच्या रांगेत बसलेल्या दोन माउल्या कुजबुजत होत्या, की सुनेचे नाव अजून कार्डावर चढले नाही, चकरा मारून चपला झिजल्या. एकीकडे विहारात बुद्धाचेच बोलावे असे म्हणणारे आम्ही, आणि दुसरीकडे रिकामा डबा घेऊन बसलेली आमचीच माउली! या दोघांमध्ये काही नाते आहे की नाही, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. म्हणून हा लेख.

प्रथम तथागतांकडेच जाऊ. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध भिक्षूसंघासह आळवीला आले. एक गरीब शेतकरी उपदेश ऐकायला निघाला, पण त्याचा बैल सुटून गेला. दिवसभर रानोमाळ बैल शोधून तो उपाशीपोटीच धावत सभेत आला. भोजन आटोपले होते, लोक उपदेशाची वाट पाहत होते, पण तथागत बोलायला तयार नव्हते. तो माणूस येईपर्यंत ते थांबले. तो आल्यावर त्यांनी उरलेले अन्न आणून आधी त्याला पोटभर जेवू घालायला लावले. त्याचे चित्त स्थिर झाल्यावर मगच त्यांनी धम्म सांगितला. भिक्षूंनाही याचे नवल वाटले. तेव्हा भुकेने पिडलेल्या माणसाला धम्म समजणार नाही, हे तथागतांनी त्यांना समजावून सांगितले.

दीघनिकायात याहून पुढची गोष्ट आहे. कूटदंत सुत्तात महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात चोऱ्यामाऱ्या चाललेल्या असतात. त्याचा पुरोहित सांगतो, की दंड देऊन, फाशी देऊन चोर संपणार नाहीत. शेती करणाऱ्याला बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला अन्न आणि वेतन द्या. चक्कवत्ती सीहनाद सुत्तात तर याची दुसरी बाजू सांगितली आहे. राजाने बाकी सारे केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, आणि सारा समाज रसातळाला गेला. म्हणजे उपाशी माणसाला खाऊ घालणे हा दानशूर माणसाचा मोठेपणा आहे इतकेच बुद्ध सांगत नाहीत. ते राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाली तर राज्य बुडते, असे ते सांगतात. तेव्हा राशनचा विषय विहारात आणणारे आम्ही पहिले नाही!

आता आपल्या घराकडे वळू. आज तरुण पिढीला 'भाकरतुकडा' हा शब्द फक्त पुस्तकात भेटतो. पण आपल्या आज्या-पणज्यांनी तो जगलेला आहे. गावकीची कामे करायची, येसकरपाळी सांभाळायची, मेलेली जनावरे ओढायची, सांगावे पोचवायचे. आणि त्या बदल्यात संध्याकाळी टोपले घेऊन दारोदार उभे राहायचे. उंबऱ्याबाहेरून, वरून टाकलेली शिळी भाकर झेलायची. ते मजुरी म्हणून मिळत नव्हते, भीकही म्हणता येत नव्हती. देणाऱ्याची मर्जी असली तर मिळे, फिरली तर बंद. असे अन्न पोटात जाते, पण मान खाली घालायला लावते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्या सर्वांच्या ध्यानात आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असेही आपल्या लोकांना सांगितले. पुष्कळ गावांत लोकांनी ते ऐकले. मग काय झाले? गावाने बहिष्कार टाकला. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट कमिटीत बाबासाहेब सभासद होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात या बहिष्काराचे वर्णन आले आहे. शेतातले काम बंद, वाट बंद आणि गावच्या वाण्याचे दुकान बंद! हातात पैसे असले तरी मीठ-मिरची मिळू नये, असा तो बंदोबस्त.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. सरकारी स्वस्त धान्य दुकानाचे, ज्याला आपण आजही 'कंट्रोल' म्हणतो त्याचे, आपल्या लेखी मोल काय, हे यावरून कळते. तिथे माणूस जात बघून धान्य देईल, माप मारील, शिव्याही देईल. पण त्याला ते नाकारण्याचा अधिकार नाही. धान्य त्याच्या बापाचे नाही, सरकारचे आहे आणि कार्डावर आपले नाव आहे. भाकरतुकड्यात आणि राशनमध्ये हाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

आपला परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली. तिला बाबासाहेब आले आणि मराठवाड्यातील दलितांत जाग आली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. राज्य बदलले, पण ज्याच्याकडे जमीन नाही त्याची चूल दुसऱ्याच्या बांधावरच अवलंबून राहिली. १९५३ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो याच कारणाने.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण बुद्धाला शरण गेलो. मनाची बेडी तुटली. पण त्याच वेळी कागदावर एक नवीनच संकट आले. बौद्ध झालात म्हणजे तुम्ही अनुसूचित जातीचे राहिला नाहीत, म्हणून सवलती बंद! महाराष्ट्र शासनाने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला १९९० सालापर्यंत वाट पाहावी लागली. धर्म बदलल्यामुळे गरिबी जात नाही, हे साधे सत्य दिल्लीला कळायला चौतीस वर्षे लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९६४ साल हे देशात धान्यटंचाईचे आणि महागाईचे साल होते. अमेरिकेहून पी.एल. ४८० खाली गव्हाची जहाजे येत होती. तरी ज्वारी-गव्हाचे भाव चढतच होते आणि साठेबाज मजेत होते. अशा वेळी १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दहा मागण्यांचे निवेदन दिले. त्या मागण्या आपल्या मुलांना पाठ असायला पाहिजेत. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. कसेल त्याला जमीन द्या. पडीक जमिनी भूमिहीनांना द्या. धान्याचे पुरेसे वाटप करा आणि भाववाढीला आळा घाला. झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारा. किमान वेतन कायदा अमलात आणा. बौद्धांना सवलती द्या. दलितांवरील जुलूम थांबवा. अस्पृश्यता कायद्याखाली न्याय द्या. नोकऱ्यांतील राखीव जागा भरा.

मागण्या मान्य झाल्या नाहीत, म्हणून बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्याचे सेनापती. तो १९६५ च्या सुरुवातीपर्यंत चालला. तीन लाखांच्या वर स्त्री-पुरुषांनी अटक करून घेतली, असे चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. तुरुंग कमी पडले. बाया तान्ही लेकरे काखेला मारून गाडीत चढल्या. ज्यांच्या घरी दुसऱ्या दिवसाच्या पिठाची सोय नव्हती, ते लोक देशाला धान्य मिळावे म्हणून जेलात गेले! शेवटी शास्त्रीजींच्या सरकारने बोलणी केली आणि बऱ्याचशा मागण्या मान्य असल्याचे सांगितले.

या दहा मागण्यांकडे नीट पाहा. काही मागण्या आपल्यापुरत्या होत्या. तैलचित्राची, सवलतींची, राखीव जागांची. पण धान्याची मागणी फक्त बौद्धांसाठी नव्हती. धान्याचे पुरेसे वाटप करा म्हणताना दादासाहेबांनी 'आमच्या लोकांना' असे म्हटले नाही. त्या मागणीत मातंग होता, वंजारी होता, मराठा शेतमजूर होता, मुसलमान कारागीर होता. नुकताच बौद्ध झालेला एक समाज, ज्याला गाव अजून पाणी भरू देत नव्हते, तो सर्व गावाच्या भाकरीसाठी भांडत होता. ही आपली परंपरा आहे.

यात अतिशयोक्ती होऊ नये म्हणून एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे. सत्याग्रही तुरुंगात जात होते त्याच डिसेंबर १९६४ मध्ये अन्न महामंडळाचा कायदा झाला आणि १४ जानेवारी १९६५ ला भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले. ते आपल्या सत्याग्रहामुळेच झाले असा दावा आम्ही करणार नाही. देशातली टंचाई, परदेशी धान्यावरचे अवलंबन अशी त्याची अनेक कारणे होती. पण सरकारने धान्य विकत घ्यावे, साठवावे आणि गरिबापर्यंत पोचवावे, ही मागणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या लोकांत आपले बापजादे पहिल्या रांगेत होते, एवढे मात्र छातीठोकपणे सांगता येते.

सत्याग्रहाला आठ वर्षे झाली नाहीत तोच १९७२ चा दुष्काळ आला. त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी ज्वारीचे माहेर असलेल्या या जिल्ह्यात ज्वारी दिसेनाशी झाली. खडी फोडायला, तलाव खोदायला, रस्त्यावर माती टाकायला माणसे निघाली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कामावर सुकडी मिळायची. दुकानात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची. वस्तीतल्या म्हाताऱ्या आजही सांगतात, "त्या मिलोची भाकर थापता थापता तुटायची, चव तर इचारूच नका. पर लेकरं जगली त्याच्यावर." त्या दुष्काळाच्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने कायद्यात लिहिला, कारण लोक उपाशी मेले नाहीत, तर कामावर येऊन उभे राहिले.

१९७८ चे दिवस आठवताना आजही अंगावर काटा येतो. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपल्या लोकांची घरे जळाली, माणसे मारली गेली. ज्यांची घरे वाचली त्यांच्यावर बहिष्कार आला. काम बंद, दळण बंद, किराणा बंद. स्टार्ट कमिटीने १९३० साली लिहिलेले ते चित्र अठ्ठेचाळीस वर्षांनी तसेच्या तसे पुन्हा उभे राहिले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पण त्या दिवसांनी एक धडा दिला. माणसाचे अन्न गावाच्या मर्जीवर असेल, तर त्याचा स्वाभिमानही गावाच्या मर्जीवर राहतो. अन्नाचा हक्क आणि स्वाभिमानाचा हक्क वेगळे करता येत नाहीत.

आता कपातीचा इतिहास पाहू. कपात एकदम येत नाही. ती हळूच, चांगले नाव घेऊन येते.

जून १९९७ पर्यंत राशन सर्वांसाठी होते. त्यानंतर 'लक्ष्य निर्धारित' व्यवस्था आली. म्हणजे दारिद्र्यरेषेच्या खालचे आणि वरचे असे लोकांचे दोन भाग झाले. ऐकायला बरे वाटते. गरिबालाच द्या, श्रीमंताला कशाला? पण गरीब कोण, हे ठरवणारा कागद कोणाच्या हातात? १९९९ साली महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये होती. महिन्याला साडेबाराशे! मजुरी करणारे नवरा-बायको दोघे कामाला गेले तरी कागदावर 'वरचे' ठरू शकत. २००० साली दारिद्र्यरेषेवरच्यांसाठी धान्याचा दर सरकारच्या पूर्ण खर्चाइतका केला. लोकांनी ते धान्य उचलणे सोडले. दुकाने ओस पडली आणि गोदामे भरली. २००२ च्या मध्यास सरकारी गोदामांत सहा कोटी टनांच्या वर धान्य साठले होते, आणि बाहेर माणसे उपाशी होती. बुद्धाने सांगितलेला तो निर्धनांना धन न देणारा राजा आठवावा!

तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना २००१ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने सरकारच्या अन्नयोजना हे लोकांचे हक्क ठरवले आणि शाळेत शिजवलेले मध्यान्ह भोजन द्यायला सांगितले. २००४ च्या आदेशात तर शाळेत स्वयंपाक करण्यासाठी दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असे सांगितले. ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांच्या हातची खिचडी गावच्या लेकरांनी एका पंगतीत बसून खावी! महाडचे पाणी कुठपर्यंत वाहत आले ते पाहा. हा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून काढला गेला, आणि ती घटना कोणी लिहिली हे आपल्याला सांगायला नको.

२०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात लागू झाला. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो. राज्यातील सात कोटी लोक त्यात आले. कायदा मोठा आहे, यात शंका नाही. पण त्यातही एक कात्री होती. पूर्वी पिवळ्या कार्डावर कुटुंबाला महिना ३५ किलो मिळत. आता अंत्योदय सोडून बाकीच्यांना माणशी ५ किलो. चार माणसांच्या घराला २० किलो, म्हणजे १५ किलोची घट. सात माणसे असतील तर बरोबरी. दोघे म्हातारा-म्हातारी असतील तर १० किलोवर महिना काढा!

दुसरी कात्री 'इष्टांक' नावाची. किती लोकांना धान्य द्यायचे हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. तेव्हापासून जन्मलेली लेकरे, आलेल्या सुना, यांची नावे घालायला गेले की उत्तर मिळते, "इष्टांक शिल्लक नाही." लेकराला भूक लागते, ती इष्टांक बघून लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. २०१५ साली राज्य शासनाने शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने माणशी ५ किलो द्यायला सुरुवात केली. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, परभणी त्यातच. २०२२ साली केंद्राकडून या योजनेसाठी गहू-तांदूळ मिळणे थांबले. २८ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँकेत टाकायचे ठरले. पुढे ते १७० झाले. हिशेब सोपा आहे. पूर्वी पाच किलोला फार तर १५ रुपये लागत. सुरुवातीच्या १५० रुपयांत पाच किलो घ्यायचे तर किलोला ३० रुपये पडत. मोंढ्यात भाव तिसाच्या वर गेला की वरची भर घरातून. धान्याचा भाव वाढला तरी पाच किलो हे पाच किलोच राहतात. पैशाचे तसे नाही. शिवाय पैसे आले की नाही हे बघायला बँकेची चक्कर, आणि खात्यात आलेला पैसा चुलीपर्यंत पोचेलच याची हमी कोण देणार? घरातल्या बाईला विचारा, ती धान्यच मागेल.

कोरोनाच्या काळात एप्रिल २०२० पासून, मधले काही महिने सोडता, डिसेंबर २०२२ पर्यंत माणशी ५ किलो जादा धान्य फुकट मिळाले. जानेवारी २०२३ पासून नेहमीचे ५ किलो फुकट झाले, आणि जादा ५ किलो थांबले. 'मोफत' हा शब्द मोठ्या अक्षरात आला, थांबलेले पाच किलो बारीक अक्षरात राहिले.

अशी कपात फक्त आपल्याकडेच होते असे नाही. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेला ज्या श्रीलंकेत गेले होते, त्याच बौद्ध देशात १९५३ च्या जुलैत सरकारने तांदळाचे अनुदान काढले. मापाचा दर २५ सेंटवरून ७० सेंट झाला. १२ ऑगस्ट १९५३ ला डाव्या पक्षांच्या हाकेवर सारा देश बंद पडला. गोळीबार झाला, माणसे मेली, आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना राजीनामा द्यावा लागला. राज्यकर्ते बौद्ध असले म्हणून गरिबाचा भात सुरक्षित राहतो असे नाही, हा त्यातला बोध.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही गरिबांना सरकारी अन्नमदत मिळते. जुलै २०२५ मध्ये तिथे झालेल्या कायद्याने त्या मदतीत दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलरची कपात होईल, असा तिथल्या संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. त्याविरुद्ध तिथली चर्चेस बोलली, ज्यू आणि मुस्लिम संस्था बोलल्या. पालीचे थोर अनुवादक भिक्खू बोधी यांनी २००८ साली भुकेविरुद्ध काम करणारी बौद्ध संस्था स्थापन केली आहे आणि गरिबांच्या अन्नाला कात्री लावणाऱ्या धोरणांविरुद्ध ते लिहीत-बोलत आले आहेत. तिथेच १९७४ पासून 'ब्रेड फॉर द वर्ल्ड' ही ख्रिस्ती संस्था काम करते. आर्थर सायमन नावाच्या पाद्र्याने ती काढली. तिची रीत आम्हाला फार आवडली. लोक प्रार्थनेला येतात, तिथेच आपल्या खासदाराला भुकेच्या प्रश्नावर पत्र लिहितात आणि दानाच्या ताटात ते पत्र ठेवतात. पैशाबरोबर पत्र हेही दान!

आता थोडे आपल्याविषयी. कटू वाटले तरी बोलले पाहिजे.

पक्षाची शकले झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण विहारांचे काय झाले? विहार आपण वंदना, लग्न, जयंती आणि पुण्यानुमोदनापुरते ठेवले. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, त्यांना राशनच्या रांगेची लाज वाटू लागली. काहींनी तर नोकरी लागूनही पिवळे कार्ड सोडले नाही, आणि शेजारच्या विधवेचे नाव 'इष्टांक नाही' म्हणून अडकले. हे पंचशीलातल्या दुसऱ्या शीलाच्या विरुद्ध आहे, हे आम्ही स्पष्ट लिहितो. आणि केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचे धान्य बंद झाले तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, "ते कुठं आपले हायेत? १९७८ ला त्यांनी काय केलं ते विसरलात का?"

आम्ही विसरलो नाही. विसरायचेही नाही. पण १९६४ साली दादासाहेबांनी हा हिशेब मांडला असता तर धान्याची मागणी दहा मागण्यांत आलीच नसती. बहिष्काराची भूक ज्याने सोसली, त्याला दुसऱ्याच्या चुलीचा धूर बंद झालेला बघवू नये. नाहीतर आपण धम्म घेतला म्हणजे काय केले? शिवाय व्यवहाराचेही बोलू. आज त्यांच्या धान्याऐवजी पैसे आले, उद्या आपल्याही धान्याऐवजी येतील. कपात शेजारच्या घरी असते तेव्हाच अडवावी लागते.

मग विहाराने काय करावे? आम्ही मोठ्या गोष्टी सांगत नाही. कायद्यात जे आहे तेवढेच वापरू. कायद्याप्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही कार्डाची कुटुंबप्रमुख असते. आपल्या माउल्यांना हे माहीत असावे. धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. तक्रारीसाठी जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याच्यावर राज्य अन्न आयोग असतो. दक्षता समितीत अनुसूचित जाती आणि स्त्रियांना प्रतिनिधित्व द्यावे असे कायदाच सांगतो. त्या समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे, ती कधी बसते, हे विचारावे. सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर दुकानाचा हिशेब वाचून दाखवणे, हेही कायद्यात आहे. अंगठा उमटत नाही म्हणून मशीनने परत पाठवलेल्या म्हाताऱ्यांची, केवायसी राहिलेल्यांची यादी आपल्या तरुणांनी करावी. आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे काढून, ज्यांना लिहिता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांचे अर्ज लिहावेत. फक्त आपल्या वस्तीचे नव्हे. शेजारच्या गल्लीतील मुसलमान भाभीचा, मातंग मावशीचा, केशरी कार्डाच्या शेतकऱ्याचाही लिहावा. दानपात्राशेजारी एक अर्जपेटी ठेवली तर तथागतांना काही वाईट वाटणार नाही.

ज्या ज्येष्ठ उपासकांनी राशनचं इथं कामून काढता असे विचारले होते, त्यांना आम्ही लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी माय चौसष्टला जेलात गेली होती. मी कडेवर होतो म्हणे. ती कशासाठी गेली, हे मला आज कळलं."

आमच्या या लेखाचे सारे पुण्य त्या मायला!

तिच्यासारख्या हजारो मायांनी टोपले खाली ठेवले आणि मूठ वर उचलली, म्हणून आपल्या हातात कार्ड आले. भाकरतुकडा कोणी देत होते, राशन आपण मिळवले आहे. दिलेले कोणी परत घेतले तर हात जोडावे लागतात. मिळवलेले कोणी काढून घेऊ लागले तर जाब विचारावा लागतो. येणाऱ्या वर्षात आपल्या विहारातून धम्माचा आवाज जसा घुमेल तसाच हा जाबही घुमावा, हीच वर्धापनदिनी आमची मंगलकामना.

नमो बुद्धाय! जय भीम!